कैफियतीचा रकाना

"एकूण छत्तीस," हणमंतराव म्हणाले आणि कानावरची पेन्सिल काढून त्यांनी यादीत आकडा टाकला. "अठरा आंध्राला, बारा मुंबईला, सहा म्हैसूरला. बसली वाटणी."

नामदेवराव टाकीच्या काठावर उभे होते. या माणसाला उचलून टाकीत टाकावे आणि वरून झाकण लावावे, असे त्यांच्या मनात आले. पण हणमंतराव वाटप शाखेचे हेडक्लार्क होते, आणि त्या दिवसांत हैदराबादेत वाटप शाखेच्या हेडक्लार्कापुढे भले भले अधिकारी पान पुढे करत होते.

ऑक्टोबर छप्पनचा शेवटचा आठवडा होता. पहिल्या नोव्हेंबरला हैदराबाद राज्याचे तीन तुकडे व्हायचे होते. मराठी जिल्हे मुंबईकडे, कानडी म्हैसूरकडे, तेलंगणा आंध्राकडे. माणसांच्या वाटण्या झाल्या होत्या, आता वस्तूंचा नंबर लागला होता. खुर्च्या, टेबले, टाइपरायटर, भिंतीवरची घड्याळे, सगळे मोजून तीन याद्यांत चढत होते. हणमंतराव आज सरकारी बांधकाम-प्रयोगशाळेत आले होते आणि मागच्या शेडमधल्या पाण्याच्या टाकीपाशी येऊन थांबले होते.

"हणमंतराव, हे ठोकळे म्हणजे खुर्च्या नाहीत," नामदेवराव शक्य तितक्या शांतपणे म्हणाले. "हा एक प्रयोग आहे. दहा वर्षांचा."

"असंल की. पन वस्तू हाय ना? यादीत घालायला लागते. आता तुम्ही कायकू भडकायलेत?"

नामदेवरावांनी तिसऱ्यांदा समजावून सांगितले. तेराशे छप्पन फसलीत, दै महिन्यात, म्हणजे इंग्रजी बावीस नोव्हेंबर शेहेचाळीसला, इनायत अली साहेबांनी हे सहा इंची ठोकळे ओतले. तीन प्रकारचे. एक ते बारा नंबरांत नुसते सिमेंट. तेरा ते चोवीसमध्ये सिमेंटचा काही भाग कमी करून त्याऐवजी सुरखी, म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. पंचवीस ते छत्तीसमध्ये चुना आणि सुरखी. त्यांचे काही भाऊबंद महिन्याने फोडून पाहिले, काही वर्षाने. हे छत्तीस दहा वर्षे पाण्यात ठेवायचे आणि एकाच दिवशी, एकाच यंत्राखाली फोडायचे. सुरखीचा माल दहा वर्षांनीही टिकला, तर दुधना नदीवरच्या नियोजित बंधाऱ्याला तोच वापरता येईल आणि सिमेंटच्या वॅगनींची वाट बघत बसावे लागणार नाही.

"म्हणजे अजून सव्वीस दिवस थांबायचं आहे," ते शेवटी म्हणाले. "फक्त सव्वीस दिवस!"

"हौ, पन पाच दिवसांनी राज्यच नाही ऱ्हायचं," हणमंतराव म्हणाले. त्यांना खरेच वाईट वाटल्यासारखे दिसले. मग त्यांचा चेहरा उजळला. "असं करू. मुंबईचा वाटा बाराच हाय ना? मधले सुरखीवाले बाराच्या बारा मुंबईला देऊन टाकू. म्हणजे तुमचा प्रकार फुटला नाही, आनी माझी यादी बी साफ."

नामदेवरावांनी कपाळाला हात लावला. सुरखीचे ठोकळे मुंबईला आणि तुलनेचे इथे! नवरीला एका गावी पाठवून नवरदेवाला दुसऱ्या गावच्या मांडवात उभे करण्यातलाच प्रकार.

नामदेवरावांचे एवढे काय अडले होते, ते सांगायला हवे. ते परभणीकडच्या शेतकऱ्याचे पोर. हैदराबादेत शिकले, या प्रयोगशाळेत सहायक म्हणून लागले आणि सहायकच राहिले. दरवर्षी दिल्लीच्या बोर्डाचा छापील अहवाल येई. त्यात प्रयोगाच्या रजिस्टरातला मजकूर जसाच्या तसा, कैफियतीच्या रकान्यासकट छापत. कुणाकुणाची नावे येत. नामदेवरावांचे नाव त्यात एकदाही आले नव्हते. इनायत अली साहेब दोन वर्षांपूर्वी वारले, त्याआधी नामदेवरावांना बोलावून म्हणाले होते, "दस साल का टेस्ट तुम्हारे नाम पे होगा, मियाँ." तेव्हापासून त्या एका ओळीवर त्यांचा जीव टांगला होता. आणि आता तीस नोव्हेंबरला त्यांना स्वतःलाच हैदराबाद सोडायचे होते, कारण तेही मुंबईच्या यादीत होते.

घरी नारायणगुड्यात पत्नी सावित्रीबाईंनी भांड्यांची पोती शिवायला घेतली होती. "एवढा जीव अडकलाय तर त्या दगडांनाच घ्या बरोबर," त्या म्हणाल्या. "माझा पाटा-वरवंटा राहू द्या मागं."

नामदेवराव त्यांना सुतळी ओवून देऊ लागले. घरात तरी शहाण्यासारखे वागावे, एवढेच त्यांना त्या आठवड्यात जमले.

एकतीस तारखेला ते वेतनाच्या कागदासाठी कचेरीत गेले असताना इकडे वाटप शाखेचे हमाल आले आणि सुरखीचे बारा ठोकळे टाकीतून काढून, गवतात गुंडाळून, दोन खोक्यांत भरून नामपल्लीच्या माल-धक्क्यावर घेऊन गेले. त्यातल्याच एका खोक्यावर इनायत अली साहेबांचे जाडजूड रजिस्टरही ठेवले, कारण पहिल्याच पानावर 'दुधना' लिहिले होते आणि दुधना मराठवाड्यात. दाब देण्याचे यंत्र मात्र कुणाच्याच यादीत बसेना, म्हणून त्याला लाखेचे सील ठोकले.

थोडक्यात, ठोकळे स्टेशनवर, रजिस्टर ठोकळ्यांवर आणि यंत्राच्या तोंडाला लाख.

पुढचे पंधरा दिवस नामदेवराव जे फिरले, ते फिरणे वैऱ्यावर येऊ नये. आंध्राच्या टेबलावर सांगितले, बंधारा मराठवाड्याचा, मुंबईवाल्यांना विचारा. मुंबईचा अधिकारी स्टेशनजवळच्या विश्रामगृहात उतरला होता. तो म्हणाला, यंत्र आमचे नाही, आम्ही सील कसे तोडू? म्हैसूरच्या माणसाने फार आदराने खुर्ची दिली, कॉफी पाजली आणि आपले सहा ठोकळे केव्हा मिळणार ते विचारले. एका कचेरीत तर अर्ज कोणत्या भाषेत लिहावा यावरच दोन कारकुनांची जुंपली. नामदेवराव अर्ज तिथेच ठेवून बाहेर आले आणि रस्त्यात उभे राहून त्यांनी तिन्ही राज्यांना अस्सल परभणीच्या भाषेत शिव्या दिल्या. एका टांगेवाल्याने मान डोलावली.

एक काम मात्र झाले. माल-धक्क्यावरचे खोके तातेरावने शोधून काढले.

तातेराव प्रयोगशाळेचा जुना मजूर, मूळचा नांदेडकडचा. टाकीचे पाणी दर शनिवारी बदलायचे काम पहिल्यापासून त्याच्याकडे होते आणि दहा वर्षांत त्याने एक शनिवार चुकवला होता, तोही गेल्याच महिन्यात. तेव्हा तो दीक्षा घ्यायला नागपूरला गेला होता. त्या शनिवारी नामदेवरावांना स्वतः बादल्या ओढाव्या लागल्या आणि त्यांनी त्याच्यामागे त्याला भरपूर नावे ठेवली. परत आला तो पांढऱ्या सदऱ्यात. काम पूर्वीसारखेच चोख करी, पण बोलणे कमी झाले होते. कधी कधी टाकीपाशी नुसताच उभा राही.

त्याने चौथ्या दिवशी खोके हुडकले, हमालांशी भांडून रजिस्टरासकट हातगाडीवर घातले आणि स्वतः ढकलत परत आणले. गवतातले ठोकळे कोरडे पडले होते, दोनचारांचे कोपरे झडले होते. नामदेवरावांनी ते लेकरासारखे पुन्हा पाण्यात सोडले.

"शाबास, तात्या," ते म्हणाले. "या अख्ख्या हैदराबादेत तू एकटा कामाचा माणूस आहेस."

तातेराव काहीतरी बोलणार होता. पण तेवढ्यात नामदेवरावांना हणमंतराव आठवले आणि त्यांचे डोके पुन्हा फिरले. ते हणमंतराव पंधरा दिवस सरता सरता स्वतःच दारात येऊन उभे राहिले.

हणमंतराव मात्र या वेळी खुशीत होते. "गंडीपेटच्या तलावाचं पाणी पिलेला मानूस हाय मी, अक्कल चालते माझी," ते म्हणाले. "ऐका. ठोकळे म्हटलं की वाटायला लागते. पन फुटले तर मलबा. मलब्याची वाटनी नसते. तर मी हुकूम काढतो, छत्तीस ठोकळे फोडून नष्ट करावेत. तेवढ्यापुरतं सील बी निघतं. तुम्ही तुमचं काय मोजायचं ते मोजा. तारीख कोनती घालू?"

नामदेवरावांनी त्यांना बसायला स्टूल पुढे केले. तीन राज्ये जे देऊ शकली नाहीत, ते मलबा या एका शब्दाने दिले होते.

"बावीस नोव्हेंबर," ते कसेबसे म्हणाले.

बावीस तारखेला गुरुवार होता. नामदेवराव सकाळी सातलाच आले. सील निघाले. तातेरावने यंत्राला तेल घातले. मग पहिला ठोकळा दोन पोलादी पाट्यांमध्ये बसला, तातेराव दांडा मारू लागला, तबकडीवरचा काटा चढू लागला. टक्क असा आवाज झाला आणि काटा मागे पडला. दर चौरस इंचाला पाच हजार शंभर पाउंड. नामदेवरावांनी आकडा रजिस्टरात लिहिला. बारा ठोकळे फुटले, बाराही पाच हजारांच्या आसपास. पंधरवड्यात पहिल्यांदाच त्यांना भूक लागली.

मग तेरावा. सुरखीचा. याचे पहिल्या मालातले भाऊबंद वर्षाने फोडले तेव्हा चार हजार सातशे भरले होते. आता दहा वर्षांनी जास्तच हवे.

टक्क. दोन हजार नऊशे.

"यंत्र बघ," नामदेवराव ओरडले. यंत्र ठीक होते. चौदावा, तीन हजार पन्नास. पंधरावा, दोन हजार आठशे.

नामदेवरावांनी पेन आपटले. "मेलो! या हणमंतरावानं वाटोळं केलं माझं! गवतात कोंबले, धक्क्यावर आदळले, चार दिवस वाळवले! दहा वर्षं, दहा वर्षं सांभाळले रे, आणि त्या माणसानं... थांब, आता लिहितोच." त्यांनी रजिस्टर ओढले आणि शेवटच्या रकान्यावर बोट ठेवले. त्यावर इनायत अली साहेबांच्या हातचे उर्दूत लिहिले होते, कैफियत. जे काही वेगळे घडले असेल, ते इथे लिहायचे. "वाटप शाखेच्या हलगर्जीपणामुळे..."

चार दिवस वाळल्याने ठोकळा एवढा कमजोर होत नाही, उलट किंचित जास्तच दाब सोसतो, हे त्यांना पाठ होते. दिल्लीलाही कळले असते. पण संतापाला त्याचे काय!

"साहेब," तातेराव म्हणाला. "ते नका लिहू."

"का?"

"हणमंतरावाचा दोष न्हाई त्यात. पाणी येगळं व्हतं."

नामदेवरावांनी मान वर केली.

"ठोकळे केले त्या दिशी," तातेराव दांड्यावरचा हात न काढता सांगू लागला. "सुरखीचा पयला माल कालवून झाला. त्याला पाणी आंबाजी मिस्त्रीनं घातलं. मंग मिस्त्री भाकर खायाला गेला. शुक्रवार व्हता, मोठे साहेब नमाजाला गेल्ते. दुसरा माल, ह्या बारा ठोकळ्यांचा, कोरडा कालवून पडला व्हता, पाणी पाह्यजे व्हतं. दाराजवळच्या दोन रांजनात गंडीपेटचं पाणी, तपासल्यालं. म्या बादली घेऊन गेलो. ते पाणी हापिसातले लोक प्यायचे बी. म्हून मला हात लावू दिला न्हाई. म्हनले, कुठूनबी आन, पर रांजन बाटवू नको. म्या मागच्या धोब्याच्या कुंडातून आनलं. साबनाचं व्हतं. मला कुठं ठावं, त्यानं काय व्हतं ते. फुडं तुमीच येकदा मोठ्या साहेबांला समजून सांगत व्हता, साबनाच्या पाण्यानं माल कच्चा ऱ्हातो म्हून. तवापासून मला घोर लागल्याला हाय."

"दहा वर्षं!" नामदेवराव उभे राहिले. त्यांचा आवाज शेडच्या पत्र्याला लागला. "दहा वर्षं त्या ठोकळ्यांचं पाणी बदललंस आणि तोंड उघडलं नाहीस? अरे, मी त्यांच्यासाठी कुत्र्यासारखा हिंडलो, आणि तुला माहीत होतं की हे आधीच..."

"कोनाला सांगनार, साहेब? सांगितलं असतं तर मह्या हातानं माल नासला म्हून हाकललं असतं. रांजनाचं कोनी इचारलं नसतं." त्याने पाट्यांवरची खडी पुसली. "नागपूरला शपथ घेतली, खोटं बोलनार न्हाई म्हून. आता न सांगनं खोट्यात येतं का न्हाई, त्याचा म्हैनाभर इचार करत व्हतो. टाकीपाशी दोनदा आलो सांगायला. तुमी भडकल्याले."

"कोण होता तो?" नामदेवरावांनी दातओठ खात विचारले. "रांजणाला हात लावू न देणारा कोण? आंबाजी तर जेवायला गेला होता म्हणतोस. कोण होता तो गाढव?"

तातेरावने दांड्यावरचा हात काढला. त्याने फक्त त्यांच्याकडे पाहिले.

आणि नामदेवरावांना आठवले. विसरले कधी नव्हतेच, पण आठवायचे कारणही पडले नव्हते. ते तेव्हा चोवीस वर्षांचे. नुकतेच लागलेले. इनायत अली साहेब जाताना म्हणाले होते, जरा देखना. दारात स्टुलावर बसून ते साच्यांवर नंबर रंगवत होते. एक मजूर बादली घेऊन रांजणाकडे वळला, तसे ते तिथूनच खेकसले. का खेकसले, याचा विचार केला नव्हता. गावात तसेच खेकसत. मजुराने मान खाली घातली आणि मागच्या बाजूला गेला. ते पुन्हा नंबर रंगवू लागले. तेरा. चौदा. पंधरा.

ते खाली बसले. पंधरा दिवस त्यांनी वाटणी करणाऱ्यांना शिव्या घातल्या होत्या. यादीवाल्यांना, कारकुनांना, तिन्ही राज्यांना. हा प्रयोग तर ओतला त्याच दिवशी दुपारी वाटला गेला होता, आणि वाटणारे ते स्वतः होते. त्यांना स्वतःचा इतका राग आला की क्षणभर दिसेनासे झाले.

"बाकीचे फोड," ते पुन्हा उठून म्हणाले. "सगळे फोडायचे."

दुपारपर्यंत सगळे फुटले. सुरखीच्या बारांपैकी एकही साडेतीन हजारांवर गेला नाही. चुन्याचे अपेक्षेप्रमाणे आले. हणमंतराव मलबा बघायला आले तेव्हा नामदेवराव रजिस्टरापुढे बसले होते. कैफियतीचा रकाना कोरा होता. पाण्याच्या रकान्यात छत्तीसही ओळींत इनायत अली साहेबांनी विश्वासाने लिहिले होते, गंडीपेट. हजर माणसांत त्यांचे स्वतःचे नाव, नामदेवरावांचे, आंबाजीचे. त्याखाली, मजूर एक.

हणमंतरावांनी सगळी हकिकत ऐकून घेतली आणि हळू आवाजात म्हणाले, "पानी येगळं पडलं, इतकंच लिव्हा ना. कारन कायकू लिव्हायलेत? छापून येतं म्हनं ते."

हे खरे होते. काहीच लिहिले नाही, तर दिल्लीला वाटेल की सुरखीचा माल दहा वर्षांत कुजतो, आणि दुधनेचा बंधारा सिमेंटची वाट बघत बसेल. पाणी वेगळे पडले, एवढेच लिहिले, तर बोर्ड विचारील, तपासलेले पाणी दारात असताना कसे पडले? आणि सगळे बोट दाखवतील त्या 'मजूर एक'कडे.

"हणमंतराव," नामदेवराव म्हणाले, "तुम्ही मलबा बघा."

त्यांनी लिहायला घेतले. इनायत अली साहेबांसारखी त्यांची उर्दू वळणदार नव्हती, म्हणून मराठीत लिहिले. बराच वेळ लागला. तातेराव झाडू घेऊन खडी गोळा करत होता. त्याला वाचता येत नव्हते.

"काय लिव्हलं, साहेब?"

नामदेवरावांनी रजिस्टर उचलले. घसा खाकरला.

"ठोकळे तेरा ते चोवीस. दुसऱ्या मालात गंडीपेटचे पाणी नाही, धोब्यांच्या कुंडातले आहे. सुरखीविषयी या आकड्यांवरून काही ठरवू नये, प्रयोग पुन्हा करावा. मजूर तातेराव हे पाणी घेण्यास रांजणाकडे गेले असता ते अस्पृश्य म्हणून त्यांना हात लावू दिला नाही. त्यांचा दोष नाही. हात लावू न देणारा, नामदेवराव, सहायक."

दहा वर्षे ज्या छापील ओळीची वाट पाहिली, ती ओळ आता येणार होती. नावासकट.

तातेरावने झाडू भिंतीला टेकवला आणि दोन पावले पुढे आला.

"मजूर तातेराव हे, असं लिव्हलं?"

"हो."

"पुन्हा येकदा वाचा," तो म्हणाला.

नामदेवरावांनी पहिल्यापासून पुन्हा वाचले.